बर्फाच्या आधी, हर की दूनला

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं याची घराघरात चर्चा सुरू झाली असेल, म्हणून आज मी तुम्हाला एका दरीत घेऊन जाणार आहे. उत्तराखंडमध्ये, उत्तरकाशी जिल्ह्यात, हर की दून. हर म्हणजे आपला महादेव आणि दून म्हणजे दरी. उंची साधारण साडेतीन हजार मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई 1,646 मीटर, त्याच्या दुपटीहून जास्त. आणि गंमत म्हणजे हे शिखर नाही, दरीचा तळ आहे, शिखर तर समोर उभं असतं, स्वर्गारोहिणी, 6,252 मीटर. पांडव याच वाटेनं स्वर्गाला निघाले असं तिथले लोक सांगतात.

लोक मे-जूनमध्ये जातात, फुलं असतात, हिरवळ असते, सगळं खरंय. पण मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सप्टेंबरअखेर मान्सून तिथून माघारी फिरतो आणि थंडीतले ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, ज्या बर्फ घेऊन येतात, ते अजून जोरात सुरू झालेले नसतात, त्या मधल्या फटीत आकाश असं काही निळं असतं की बास. फक्त ही फट कधी बंद होईल ते कॅलेंडर बघून कळत नाही.

डेहराडूनहून सांकरीपर्यंत जीपनं अख्खा दिवस जातो, वाटेत नैटवाडला रुपीन आणि सुपीन या दोन नद्या मिळून टोन्स होते, तिथंच फॉरेस्टची परवानगी दाखवायची. आम्ही चालायला सुरुवात केली ती तालुका नावाच्या गावातून, हो, गावाचं नावच तालुका, आमच्या ग्रुपमधल्या एकानं लगेच विचारलं मग जिल्हा कुठाय. तिथून सुपीनच्या काठाकाठानं देवदार, अक्रोडाच्या झाडांतून वाट जाते. पुढं एक पुआनी गराट म्हणून जागा लागते, गराट म्हणजे पाणचक्की, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं जातं. आता आपल्याकडे मोठ्या जात्याला घरट म्हणतात की नाही? मला हे ऐकून फार भारी वाटलं, बाकीच्यांना काही पडलं नव्हतं.

ओसला गावात मुक्काम. लाकडाची घरं, आणि त्या आठवड्यात गावातलं एक माणूस रिकामं बसलेलं दिसलं नाही. बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन उतरतायत, सरपण रचून ठेवलंय, मेंढ्या वरच्या बुग्यालांवरून, म्हणजे गवताळ कुरणांवरून खाली आल्यात. एका अंगणात लालभडक कणसं वाळत घातली होती, जवळ जाऊन बघतो तर राजगिरा! तिथं त्याला चौलाई म्हणतात. माझ्या खिशात पुण्याहून नेलेली राजगिऱ्याची चिक्की होती, ती तिथल्या आजींना दिली, त्यांनी आधी खाल्ली नाही, हातावर चुरली, दाणे बोटानं वेगळे केले आणि मग हसल्या.

दुसऱ्या दिवशी वर पोचलो. आता कामाचं सांगतो. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे ओढ्याच्या अगदी काठाशी टेंट लावू नका, जरा वर लावा, आणि तेही वनखात्यानं ठरवलेल्या जागेतच. आमच्या शहाणपणामुळे आम्ही काठाशीच लावला, पाण्याचा आवाज छान येतो म्हणून. सकाळी टेंटच्या आतून आमच्याच श्वासाचं बर्फ झालेलं, कुणी हलला की ते मानेवर पडायचं. आणि पाण्याची बाटली झोपताना उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतं ना, मग उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं आणि सकाळी निदान घोटभर पाणी मिळतं. मोबाईलची बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये, स्वतःच्या अंगाशी. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर मर्दुमकी दाखवू नका, गाइडला सांगा आणि खाली उतरा.

आम्हाला अजून पुढं मरिंदा तालला जायचं होतं, छोटंसं तळं आहे, फार लांबही नाही. सकाळी आकाश स्वच्छ. पण आमचे गाइड भैजी स्वर्गारोहिणीकडे बघत बसलेले, शिखरावरून बारीक पांढरी शेपटी उडत होती आणि तिच्या मागं दुधासारखा पातळ ढग. चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "सर, आज नीचे." आम्ही वाद घातला, हो घातला, एवढ्या लांबून आलोय, पैसे भरलेत, वगैरे वगैरे. त्यांनी उत्तरच दिलं नाही, टेंटचे खुंटे उपटायला लागले.

चिडचिड करतच ओसलाला उतरलो. संध्याकाळी वारा सुटला, रात्री नुसता पाऊस, आणि पहाटे बाहेर येऊन बघतो तर समोरच्या डोंगरावर कुणी पट्टीनं आखल्यासारखी पांढरी रेघ, तिच्यावरचं सगळं जंगल पांढरं आणि खालचं तसंच काळंहिरवं.

आजी अंगणातच होत्या, कणसं रात्रीच आत गेलेली. मी हात करून ती रेघ दाखवली, म्हटलं बर्फ पडलं. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून नीट बघितलं, मग वर छपरावर असलेल्या मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडून सांगितलं, आणि त्यानं उरलेले गवताचे भारे भराभर खाली टाकायला सुरुवात केली.