तिघऱ्याची भिंत

नमस्कार मंडळी. भाद्रपद लागला की आपल्या ग्वाल्हेरात दोनच चौकश्या सुरू होतात. गणपतीची मूर्ती ठरवली का, आणि आपलं तिघरा धरण किती भरलं? पाण्याच्या पातळीचा आकडा (समुद्रसपाटीपासून मोजलेला) 740 फुटांकडे सरकला की लोक स्कूटरी बाहेर काढतात.

गेल्या खेपेला पुण्याहून मेहुणे आले होते, त्यांना घेऊन गेलो. दरवाजे उघडलेले, फेसाळ पाणी, अंगावर तुषार. तरी पुणेकरच ते! म्हणाले, "आमच्या खडकवासल्यासारखंच की!" म्हटलं, असणारच, घराणं एकच. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये आधी खडकवासल्याला बसवले आणि मग इथे.

पण मला दरवाज्यांपेक्षा भिंत बघायला आवडते. माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, 1916 मध्ये, सांक नदीवर ही दगडी भिंत उभी राहिली. उंची साधारण 24 मीटर, लांबी तेराशे मीटरांच्या वर. आणि पुढच्याच वर्षी, 1917 च्या ऑगस्टात, पुराचं पाणी माथ्यावरून गेलं आणि ती गेली. खाली फार माणसं दगावली.

लोक म्हणतात, फुटली. खरं तर सरकली. पाया वालुकाश्माचा. त्याच्या थरांतून पाणी भिंतीखाली शिरलं आणि खालून तिला उचलू लागलं. स्वयंपाकघरात बघा, गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की कुणी हात न लावता घसरते. बुडाखाली कोंडलेली हवा तापते, वाटीला जरा उचलून धरते, की झालं. वाटीचं वजन तेवढंच, पण ओट्यावरची पकड सुटली. भिंतीचंही तेच. दगड होता तेवढाच होता, फक्त तळाशी त्याचा भार हलका झाला होता, आणि समोरून पुराचा रेटा. बांधणारे वरून येणाऱ्या पाण्याचा विचार करतात. खालून येणाऱ्याचा हिशोब तेव्हा जगातल्या भल्याभल्या इंजिनिअरांनाही नीट बसला नव्हता.

हे सगळं मी कठड्याला टेकून सांगत होतो. मेहुणे हळूच दोन पावलं मागे सरकले.

"अहो, नंतर पुन्हा बांधलीय ती," मी म्हटलं. "सकाळी तुम्ही आंघोळ केलीत, ते पाणी इथलंच. मोतीझीलला गाळून येतं."

"ते ठीक आहे," मेहुणे म्हणाले, "पण भुट्टा आपण त्या पलीकडच्या झाडाखाली खाऊ."