पोलिसाचं नाव सांगा, गल्ली नको

नमस्कार मंडळी. परवा रात्री आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका एफआयआरचा फोटो फिरत आला. आरोपी पोलीस. नाव, वय, आणि पुढं 'रा.' करून घराचा अख्खा पत्ता. खाली एकानं लिहिलेलं, "चला, भेटून येऊ." भेटून येऊ म्हणजे काय, हे मराठवाड्यात फोड करून सांगायची गरज नाही.

मग प्रश्न पडतो. पोलिसावर गुन्हा दाखल झाला तर त्याचं काय काय लोकांना कळायला पाहिजे?

नाव तर कळायलाच पाहिजे. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नावाचं ते बंधन आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. दुसऱ्याला पकडताना जे नाव छातीवर लावायचं, तेच स्वतः आरोपी झाल्यावर झाकायचं, हे मला तरी पटत नाही.

आता परभणी बघा. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. मग बंद, दगडफेक, धरपकड. त्यात पकडलेला, कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. पोस्टमॉर्टेममध्ये अंगावर अनेक जखमा निघाल्या. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल होईना, म्हणून त्याच्या आईला हायकोर्टाच्या खंडपीठात जावं लागलं. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवा म्हणून सांगितलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, ३० जुलैला तिथंही तोच आदेश कायम राहिला. आणि एवढं होऊन गुन्हा कोणावर? अज्ञात पोलिसांवर! अहो, त्या दिवशी ड्यूटीला कोण होतं हे स्टेशन डायरीत लिहिलेलं असतं की.

सरकारी कागद नाव सांगत नाही, तेव्हा चहाच्या टपरीवर नावं ठरतात. अमक्या आडनावाचा होता म्हणे. झालं. त्या आडनावाचे ठाण्यात चौघं असतात, चौघांच्याही घरी फोन सुरू.

आडनावाचं दुखणं बीडवाल्यांना विचारा. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर आडनाव म्हणजे जात आणि जात म्हणजे बाजू, असं वातावरण झालं होतं. २०२५ मध्ये तिथल्या पोलीस अधीक्षकांनी छातीवरच्या नावाच्या पट्टीवरून आडनावच काढून टाकलं, नुसतं पहिलं नाव ठेवलं. हेतू चांगला. पण तक्रार करणाऱ्या माणसाला 'संतोष' किंवा 'गणेश' एवढ्यावरून कोण सापडणार? म्हणून शिपाई, हवालदार असेल तर बक्कल नंबर, म्हणजे त्याचा खात्यातला क्रमांक, लिहून ठेवा. बक्कल नंबरला जात नसते.

पुढची माहिती मात्र आटत जाते. साहेब 'कंट्रोलला जमा' झाले, म्हणजे ठाण्यातून काढून नियंत्रण कक्षात बसवले, डीई म्हणजे विभागीय चौकशी लागली, एवढं पेपरात येतं. निलंबन ही शिक्षा नाही हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्या काळात निर्वाह भत्ता चालू असतो. डीईचं पुढं काय झालं म्हणून माहिती अधिकारात विचारलं, तर २०१२ चा गिरीश देशपांडे निकाल पुढं करतात. शिस्तभंगाची कारवाई ही खासगी माहिती आहे, व्यापक जनहित असेल तरच द्यायची, असं त्यात म्हटलंय. माझ्या मते गोम इथं आहे. जे उघड पाहिजे ते कुलपात, आणि जे झाकायला पाहिजे ते ग्रुपवर.

कारण पत्त्यावर कोण राहतं? बायको, म्हातारे आईबाप, शाळेत जाणारी पोरं. पोलीस लाईनीत तर भिंतीला भिंत लागून घरं. दगड काही दार वाचून पडत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील तेवढे वगळले. आरोपीला वेळेत कागद मिळावा म्हणून ते होतं. त्या कागदात पत्ताही असतो, आणि पेपरवाल्यांना तर नावापुढं 'वय अमुक, रा. तमुक' लिहिल्याशिवाय बातमी पुरी झाल्यासारखी वाटतच नाही.

एक तिरकं बोलतो, राग मानू नका. ही सवय लावली कोणी? गुंडांची भर चौकातून धिंड काढून तिचे रील फिरतात, तेव्हा तोही फक्त आरोपीच असतो. टाळ्या आपण वाजवतो. आता वर्दीवाल्याची पाळी आल्यावर त्याचे सहकारी म्हणतात, बदनामी थांबवा. बरोबर आहे त्यांचं. पण मग दोघांचीही थांबवा.

त्या रात्री मी तो फोटो घेतला, नाव, हुद्दा, ठाणं, कलमं ठेवली, 'रा.' च्या पुढचं खोडलं आणि ग्रुपवर टाकून म्हटलं, हा फिरवा. दहा मिनिटांत कोणीतरी मूळचा परत टाकला. वर लिहिलं होतं, "पूर्ण माहिती."