शुक्राणूच्या डोक्यातलं गाठोडं

नमस्कार मंडळी. सुरुवात एका रिपोर्टपासून करतो. काउंट नॉर्मल, मोटिलिटी नॉर्मल, आकार ठीक, आणि तरी तीन वर्षं झाली मूल होत नाहीये, बायकोच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यात आणि नवरा म्हणतो माझं तर ओके आहे. आता नेहमीच्या सीमेन टेस्टमध्ये आपण बघतो काय, तर किती आहेत, किती पळतात आणि दिसतात कसे. म्हणजे टपाल घेऊन जाणारा धडधाकट आहे का एवढंच बघितलं, पत्र फाटलंय का ते कुणी बघितलंच नाही.

पत्र म्हणजे बापाचा डीएनए. सरळ ताणला तर जवळजवळ 1 मीटर भरतो, आणि बसवायचा कुठे तर 4-5 मायक्रॉनच्या डोक्यात! इतर पेशींत तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर, रिळावर दोरा असावा तसा गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होताना हे हिस्टोन काढून त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची दुसरी प्रोटीन बसतात, माणसात साधारण 85 ते 95 टक्के, बाकीचे हिस्टोन तसेच राहतात. हे करताना दोऱ्याचा पीळ सोडवायला शरीर मुद्दाम डीएनएला ठिकठिकाणी काप देतं आणि नंतर ते जोडून घेतं. जोडायचं राहून गेलं की तुटका माल पुढे. मग एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या वळ्यावळ्यांच्या नळीतून, जाताना प्रोटामिनमधले सल्फरचे बंध आवळले जातात आणि गाठोडं पक्कं होतं. हे डीएनए आणि प्रोटीनचं गाठोडं म्हणजे क्रोमॅटिन. त्यात शुक्राणूने आपला सायटोप्लाझम (पेशीतला रस) जवळजवळ सगळा टाकून दिलेला असतो, त्यामुळे वाटेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने (ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंच्या माऱ्याने) काही तुटलं तर स्वतः दुरुस्त करायची सोय नाही. सिगारेट, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा), इन्फेक्शन, ताप, वाढतं वय, सगळ्यांचा मार इथेच बसतो.

आता मोजायचं कसं. मला सगळ्यात आवडते ती हॅलो टेस्ट, कारण ती डोळ्याला दिसते. सॅम्पल अगारोज नावाच्या जेलीत मिसळून स्लाइडवर पसरायचं, आधी ॲसिड, मग प्रोटीन काढून टाकणारं सोल्युशन, मग रंग. चांगल्या शुक्राणूच्या डोक्याभोवती डीएनएचे वेढे सुटून गोल पसरतात, चंद्राला खळं पडतं ना अगदी तसं. ज्याचा डीएनए तुटलाय त्याला खळं बारीक किंवा नाहीच. नवीन लोक इथे हमखास उलटं मोजतात, त्यांना वाटतं पसरलाय म्हणजे बिघडलाय, मीही पहिल्या दिवशी अख्खी स्लाइड उलटी मोजली होती.

एससीएसए या दुसऱ्या टेस्टमध्ये ॲक्रिडीन ऑरेंज नावाचा चमकणारा रंग वापरतात, धड डीएनए हिरवा चमकतो, तुटका ॲसिडने उसवून लाल, आणि फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी मोजणारं मशीन) हजारो शुक्राणू मोजून तुटक्यांची टक्केवारी देतो, तोच डीएफआय, म्हणजे डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स. ट्यूनेल टेस्ट तुटलेल्या टोकांना लेबल लावते. कॉमेट टेस्टमध्ये करंट दिला की तुकडे शेपटीसारखे मागे ओढले जातात. ॲनिलिन ब्लू हा रंग मात्र तुटलंय का ते सांगतच नाही, हिस्टोन जास्त उरलेत का ते सांगतो, म्हणजे पॅकिंग कच्चं आहे का. क्रोमोमायसिन या रंगाचंही तसंच, प्रोटामिन कमी पडलं तिथे तो जाऊन बसतो.

म्हणून कुणी नुसतं '28 टक्के आलंय' म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या टेस्टचे? एससीएसएचे 28 आणि कॉमेटचे 28 एका तराजूत घालता येत नाहीत. एससीएसएमध्ये 30 च्या वर गेलं की नैसर्गिक गर्भधारणेची आणि आययूआयने (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडून) मूल राहण्याची शक्यता घटते असं धरतात, गर्भपाताशीही संबंध दिसतो, पण 29 म्हणजे पास आणि 31 म्हणजे नापास असं काही नसतं. इक्सीच्या, म्हणजे एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याच्या, बाबतीत चित्र अजून धूसर आहे, कारण अंडं बापाकडून आलेली बरीच मोडतोड दुरुस्त करतं आणि किती करेल ते अंड्याच्या वयावर असतं, म्हणजे एकट्या नवऱ्याच्या आकड्यावरून जोडप्याचं भविष्य सांगणं मला तरी पटत नाही. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या सहाव्या मॅन्युअलमध्येही ही तपासणी रूटीनमध्ये नाही, एक्स्टेंडेडमध्ये, म्हणजे गरज पडली तर करायच्या जादा तपासण्यांत आहे.

मागून विचारतायत की आकडा वाईट आला तर लगेच परत करायची का? नको. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस, वर एपिडिडिमिसमधला प्रवास, म्हणजे आज सिगारेट सोडली किंवा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं तर फरक दिसायला तीन महिने धरा. आणि परत कराल तेव्हा तीच टेस्ट, शक्यतो तीच लॅब आणि शेवटच्या वीर्यपतनापासून मागच्या वेळेइतकाच दिवसांचा गॅप, कारण आठ-दहा दिवस साठून राहिलेल्या सॅम्पलचा डीएफआय तसाही चढलेला येतो. सॅम्पल कधी दिलं आणि लॅबने कधी लावलं ती वेळही लिहून घ्या, उबेत तासन्‌तास पडून राहिलं की खळी बारीक होत जातात.