रोजच्याच जागी

[दृश्य: सीएसएमटी, लोकलचे फलाट. गर्दी. लाउडस्पीकरवरची घोषणा.]

हा आवाज आपण रोज ऐकतो. कर्जत की कसारा, फास्ट की स्लो, कुठल्या फलाटावर, एवढं कानावर पडलं की पाय आपोआप वळतात. आवाजामागे कुणी माणूस ड्यूटीवर बसलाय, हे मनातही येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८. रात्रीचे पावणेदहा वाजून गेलेले. स्टेशनचं नाव तेव्हा सीएसटी. अनाउन्समेंटच्या केबिनमध्ये विष्णू झेंडे. पलीकडे मेन लाइनच्या हॉलमध्ये लोक लांबच्या गाड्यांची वाट बघत सामानाला टेकून बसलेले. त्यांच्यावर दोन दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला. पन्नासहून जास्त माणसं गेली.

आता लोकलच्या बाजूने विचार करा. गाडी फलाटाला लागतेय. आतल्या माणसाला बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही. तो उतरणार आणि रोजच्या सवयीने हॉलच्या दिशेने चालू लागणार. म्हणजे थेट बंदुकीपुढे.

झेंडे यांच्याकडे होता फक्त माइक. त्यांनी पोलिसांना मदतीला बोलावलं आणि प्रवाशांना सांगितलं की हॉलकडे येऊ नका, एक नंबर फलाटावरून मागच्या बाजूने बाहेर पडा. पुन्हा पुन्हा तेच, मराठीत आणि हिंदीत. केबिनच्या दिशेने गोळ्या आल्या. तरी माइक बंद झाला नाही.

नुसतं ‘पळा’ म्हटलं असतं तर लोक सैरावैरा धावले असते, कदाचित हॉलमध्येच शिरले असते. कुठून पळायचं हे सांगायला अख्खं स्टेशन डोक्यात असावं लागतं. शौर्याच्या गोष्टीत आपण छाती मोजत बसतो. मला मात्र अशा प्रत्येक गोष्टीत आधी दिसते ती जागेची ओळख, वर्षानुवर्षं तिथेच राबून झालेली.

[दृश्य: कामा हॉस्पिटलची दगडी इमारत. रात्र.]

स्टेशनवरून ते दोघे कामा हॉस्पिटलकडे आले. चालत काही मिनिटांचं अंतर. तिथे परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. वॉर्डात वीस गरोदर बायका. दोघे जण गेटवरून आत आले आणि सुरक्षारक्षकांवर गोळ्या झाडल्या, हे कुलथे यांनी वरून पाहिलं. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि विसाच्या वीस जणींना पॅन्ट्रीत नेलं.

पॅन्ट्री ती केवढीशी! त्यात वीस अवघडलेल्या बायका, बाहेर गोळ्या आणि ग्रेनेडचे आवाज. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं. बाळंतपण काही पहाट होण्याची वाट बघत नाही. कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेने, हळूहळू जिना चढवत लेबर रूमपर्यंत घेऊन गेल्या. बाळ सुखरूप जन्माला आलं.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीला नाकाबंदी होती. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, साताऱ्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात होते, मग पोलिसांत आले. हातात लाठी. त्यांनी त्या दोघांपैकी एकाच्या, कसाबच्या, एके-४७ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आलं. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नावही संशोधकांनी त्यांच्यावरून ठेवलं : आयशियस तुकारामी.

कसाब जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला. त्याला ओळखायला कुलथे गेल्या त्या नर्सच्या गणवेशात, मुद्दाम. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या बोलल्या.

[दृश्य: पश्चिम रेल्वे. रुळांकाठची वस्ती.]

त्याआधी, ११ जुलै २००६. लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट. स्ट्रेचर कुठून येणार? रुळांकाठच्या झोपड्यांतून लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यातच जखमींना उचललं. त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

एक नाव मात्र सगळ्यांना कळलं, कारण सीसीटीव्ही होता. १७ एप्रिल २०२१, वांगणी. दृष्टिहीन आईसोबत चालणारं पोर फलाटावरून रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत सुटले, पोराला वर ठेवलं आणि स्वतः चढले, तोच गाडी गेली. रोज गाड्यांना झेंडी दाखवणारा हा माणूस. हातात किती सेकंद आहेत, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं. त्यातले अर्धे त्यांनी त्या माय-लेकराला देऊ केले.

[दृश्य: माटुंगा पश्चिम. मुसळधार पाऊस.]

आणि ऑगस्ट २०२०, तुळशी पाइप रोड. रस्त्यावर पाणी चढत होतं. फूटपाथवर राहून फुलं विकणाऱ्या एका बाईंनी मॅनहोल उघडलं, म्हणजे पाणी ओसरेल. पण उघडं मॅनहोल टाकून जायचं कसं? २०१७च्या पुरात डॉ. दीपक अमरापूरकर अशाच मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले होते. म्हणून या बाई कित्येक तास तिथेच उभ्या राहिल्या, हात करून गाड्या वळवत. त्याच पावसात त्यांचा स्वतःचा संसार वाहून गेला.

त्यांनी केलं ते नियमात बसत नाही, आणि घरी बसून व्हिडिओ पाहणाऱ्यांनी तसं करूही नये. झाकण उघडणं सोपं, उघडलं की तिथून हलता येत नाही. पावसात कुठे मॅनहोल उघडं दिसलं तर मुंबई महापालिकेचा आपत्कालीन नंबर आहे १९१६. फोन लावा, आणि कोणी येईपर्यंत लोकांना त्या बाजूने जाऊ देऊ नका.