कुठली बाजू? : स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर

नमस्कार श्रोतेहो.

ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो, माहीत आहे? उपाशी राहण्याचा नाही, सुईचाही नाही. तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जाण्याचा. नाव सांगा, जन्मतारीख सांगा, कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे ते सांगा. वॉर्डातली सिस्टर विचारते, थिएटरच्या दाराशी दुसरी विचारते, मग भूलतज्ज्ञ विचारतात. ‘फाइलमध्ये लिहिलंय ना?’ असं बायका म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण स्तन दोन असतात, आणि भूल चढल्यावर, अंगावर चादरी पसरल्यावर डावं-उजवं सांगायला पेशंट शुद्धीवर नसते. म्हणून ती जागी आहे तोवर तिच्याच तोंडून ऐकायचं. त्यातही आम्ही ‘डावीच बाजू ना?’ असं विचारत नाही, ‘कुठली बाजू?’ असं विचारतो. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक यादी तयार केली. तिच्यात तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंटला थिएटरबाहेर नेण्याआधी. मधल्या थांब्याला सगळ्यांनी हातातलं काम सोडून ऐकायचं असतं. नाव काय, शस्त्रक्रिया कोणती, बाजू कुठली, अँटिबायोटिक दिलं का, आणि दिलं तर गेल्या तासाभरात दिलं का. ही यादी वाचणारी बहुतेकदा परिचारिका असते. ती पुटपुटत उरकली, तर यादी आहे काय नि नाही काय, हे मी माझ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते.

तयारी मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. घरी काखेतले केस ब्लेडने काढू नका. ब्लेडमुळे त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि जंतूंना वाट मिळते. काढायचेच असतील तर आम्ही क्लिपरने काढतो. चालू असलेली सगळी औषधं सांगा, रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, कुणी सुचवली म्हणून घेतलेली झाडपाल्याचीही. सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून निदान चार आठवडे आधी ती सोडलेली बरी. उपासाची पद्धतही आता सौम्य झाली आहे. साधारणपणे जेवण सहा तास आधी थांबवतात, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

एक प्रश्न बायकांना विचित्र वाटतो: ‘तुम्हाला गाडी लागते का?’ त्यामागे हिशेब आहे. ऑपरेशननंतर उलट्या कुणाला होतील याचे चार ठोकताळे आहेत: स्त्री असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागण्याची सवय किंवा आधीच्या भुलीनंतर झालेल्या उलट्या, आणि नंतर द्यावी लागणारी अफूवर्गातली वेदनाशामकं. स्तनाच्या ऑपरेशनला येणाऱ्या बहुतेकींच्या खात्यात यातले दोन तरी आधीच जमा असतात. ‘हो, लागते’ असं उत्तर आलं की उलटी थांबवणारी औषधं भुलीबरोबरच द्यायचं ठरतं. नव्या टाक्यांवर उलटीचा ताण पडणं किती त्रासाचं असतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक.

गाठ हाताला लागत नसेल, फक्त मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत दिसत असेल, तर सर्जनला नेमकी जागा सापडावी म्हणून काही ठिकाणी ऑपरेशनच्या सकाळी तिथे एक बारीक तार बसवतात. तिचं टोक त्वचेबाहेर राहतं. थिएटरपर्यंत त्या तारेला धक्का लागू न देणं ही परिचारिकेची जबाबदारी. कपडे बदलताना, स्ट्रेचरवर घेताना तिचं अर्धं लक्ष त्या तारेवरच्या चिकटपट्टीवर असतं.

थिएटरमध्ये तुम्ही झोपलेल्या असता, पण हात जागा राहायला हवा, म्हणजे त्याची काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी. काखेपर्यंत पोचण्यासाठी तो बाजूला पसरून ठेवतात. काटकोनाच्या पलीकडे ताणला तर खांद्यातून जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर ओढ येते. जागी असती तर बाई लगेच ‘दुखतंय’ म्हणाली असती. भुलीत कुणी म्हणत नाही, म्हणून कोन आम्ही बघतो आणि कोपराखाली मऊ गादी देतो. अंग गार पडू न देणं हेही असंच. शरीराचं तापमान ३६ अंशांखाली गेलं की रक्त नीट गोठत नाही आणि संसर्गाचा धोका वाढतो.

काढलेली गाठ नेमकी कशी हाताळतात, याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. खरं तर पुढच्या उपचारांचं निम्मं भवितव्य तिथे ठरतं. गाठ बाहेर आली की सर्जन तिला दोरे बांधतात, वरची बाजू कुठली आणि बाहेरची कुठली ते कळावं म्हणून. कडेपर्यंत कर्करोग पोचलाय असं तपासणीत निघालं, तर नेमकी कुठली कड ते या दोऱ्यांवरून समजतं. परिचारिका डबीवर नाव, बाजू, वेळ लिहिते आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवते. गाठ तासाभरात फॉर्मालिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, पडायला हवी. उशीर झाला तर पेशी बिघडू लागतात आणि संप्रेरकांच्या रिसेप्टरची, म्हणजे गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देते का याची, तपासणी चुकीची उत्तरं देऊ शकते. त्या उत्तरांवर पुढची कितीतरी वर्षं घ्यायच्या गोळ्या ठरतात. म्हणून डबीवरच्या वेळेच्या रकान्याला मी नुसती कारकुनी मानत नाही.

कर्करोग पसरला तर साधारणपणे आधी जिथे पोचतो, ती काखेतली पहिली लसीकाग्रंथी शोधण्यासाठी कधी निळा रंग टोचतात. त्याबद्दल आधी सांगितलेलं नसेल तर दुसऱ्या दिवशी निळसर-हिरवी लघवी बघून पेशंट हादरते. तो रंग एक-दोन दिवसांत जातो. त्याच रंगामुळे बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, आणि क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जीही होते. त्यामुळे आकडा उतरला की आकड्याबरोबर माणसाकडेही बघावं लागतं.

आता थोडं मागे जाते. १९७० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतही एकाच भुलीत गाठ तपासायची आणि कर्करोग निघाला तर तिथल्या तिथे स्तन काढायचा, अशी पद्धत रूढ होती. जाग आल्यावर बाईने छातीवर हात फिरवायचा आणि काय झालं ते समजून घ्यायचं. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने निदान आणि उपचार या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवाव्यात असं सुचवलं. त्यासाठी बायकांनी बराच आवाज उठवला होता. आज संमतिपत्रावर सही घेण्याआधी तुम्हाला पूर्ण समजलंय ना हे विचारलं जातं. नसेल समजलं, तर सही थांबवा. सिस्टरला सांगा, ती डॉक्टरांना परत बोलावेल. यात कुणाचा अपमान नाही.

शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले २४ तास आम्ही रक्तस्रावावर डोळा ठेवतो. छाती एका बाजूला तट्ट फुगली, जखमेतल्या ड्रेनच्या नळीत एकाएकी लालभडक रक्त भरू लागलं, तर रात्री-बेरात्री सर्जनला बोलावतो. वरून ड्रेसिंग कोरडं दिसलं तरी अनुभवी सिस्टर पाठीखाली हात घालून बघते, कारण रक्त ओघळून मागे जातं. रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला बांधतात.

ड्रेन म्हणजे नळी आणि तिच्या टोकाला दाबून बसवलेला फुगा. जखमेखाली साचणारं पाणी तो ओढून घेतो. घरी गेल्यावर फुगा रिकामा करून पुन्हा दाबणं, किती मिलिलिटर आलं ते रोज लिहिणं, हे तुम्हालाच करावं लागेल. म्हणून वॉर्डातच आमच्यासमोर एकदा करून दाखवा. पाणी लालचं गुलाबी आणि मग पिवळसर होत जातं. दिवसाला ३० मिलिलिटरच्या खाली आलं की बहुतेक ठिकाणी नळी काढतात. काढल्यावरही कधी पाणी साचतं. ते सुईने काढता येतं, घाबरायचं कारण नसतं.

हाताचं काय? काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढल्या तर साधारण पाचांतल्या एकीला पुढे हाताला सूज येते. पहिल्या एक-दोन ग्रंथीच तपासल्या असतील तर हे प्रमाण विसांत एकीच्या आसपास असतं. पण सुजेच्या भीतीने हात पोटाशी बांधून बसणं वाईट. मुठी मिटणं-उघडणं, कोपर वाकवणं दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. हात खांद्याच्या वर कधी न्यायचा ते ड्रेन आणि टाक्यांवर अवलंबून, त्यामुळे सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर वाटेल. तिथली एक बारीक नस काखेतून जाते आणि ती बऱ्याचदा दुखावते. काही आठवड्यांनी काखेतून कोपराकडे दोरीसारखी शीर ताणल्यासारखी वाटली तर तीही ओळखीची गोष्ट आहे, व्यायामाने सैल होते.

जखम पहिल्यांदा कधी बघायची, हे पेशंटने ठरवावं. पहिलं ड्रेसिंग बदलताना मी विचारते, ‘बघायचंय की आज नको?’ दोन्ही उत्तरं मला चालतात. कुणाला नवरा शेजारी हवा असतो, कुणाला तो खोलीबाहेर हवा असतो. खोलीत कोण थांबणार हेही तिलाच ठरवू द्यावं, नातेवाईकांनी नाही. आणि हो, स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर पेशंटांमध्ये एखादा पुरुषही असतो. बायकांच्या वॉर्डाशेजारी तो फार अवघडलेला असतो, त्याच्याशीही असंच मोकळेपणाने बोलावं लागतं.

घरी गेल्यावर ३८ अंशांच्या वर ताप, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, घाण वास, अचानक वाढलेली सूज, पोटरी दुखून फुगणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. फोन करा. धाप लागली असेल तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट तातडीच्या विभागात या, आणि ड्रेनची वही बरोबर आणा. नमस्कार.