चिकटलेला हीटर जानेवारीत दिसत नाही

नागपुरात समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्याला उन्हाळ्याची धास्ती असते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपण पाणी गार करणारे चिलर, पंखे यांच्या मागे लागतो. थंडीत टँकचं पाणी तापवणारा हीटर मात्र दुकानातला सगळ्यात स्वस्त उचलतो. ‘दोन महिन्यांची तर थंडी’ असं म्हणतो. पण याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. टँकमधल्या क्लाउनफिश माशांना आणि कोरलला (प्रवाळाला) २५-२६ अंश लागतात, आणि तेही स्थिर. म्हणजे हीटर लागणारच. प्रश्न एवढाच की तो बिघडेल तेव्हा कसा बिघडेल.

हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू गार होतं आणि सकाळपर्यंत आपल्या लक्षात येतं. तो चालूच राहिला तर मात्र वेळ मिळत नाही. साध्या हीटरच्या थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे तापमानानुसार त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात, दोन धातूंची एक पट्टी असते. तापली की वाकते आणि संपर्क तुटतो. प्रत्येक वेळी तिथे बारीक ठिणगी उडते. हजारो वेळा ठिणगी उडून टोकं खडबडीत होतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात. मग तुम्ही बटण कितीही फिरवा, आतली तार तापतच राहते.

माझ्याकडे हे फेब्रुवारीच्या शेवटी झालं. २०० लिटरचा टँक, त्यात ३०० वॅटचा एकच हीटर. रात्री अकराला थर्मामीटरवर २६ होते. सकाळी साडेसहाला हॉलमध्ये आले तर दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते आणि क्लीनर श्रिंप (छोटी कोळंबी) खडकाशी पांढरी होऊन पडली होती. काचेला हात लावला, काच कोमट. थर्मामीटरवर ३३. हीटरचा लाल दिवा जळत होता. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा मुळातच कमी असतो. संध्याकाळपर्यंत दोनातला एक क्लाउनफिश गेला. सहा वर्षं होता तो माझ्याकडे.

नंतर मी खूप विचार केला, हे फेब्रुवारीतच का? मला वाटतं, हीटर बहुधा आधीपासूनच अधूनमधून चिकटत होता. जानेवारीत खोली इतकी गार असते की ३०० वॅटची बरीचशी उष्णता हवेत निघून जाते, पाणी थोडंच चढतं आणि आपण म्हणतो, हीटर काय मस्त चाललाय. रात्री उबदार झाल्या की तीच उष्णता पाण्यात साठते. म्हणून चिकटलेला हीटर कडाक्याच्या थंडीत लपून राहतो. आपण निर्धास्त होतो त्या आठवड्यात तो दिसतो.

आता वॅट. २०० लिटर पाणी १ अंश तापवायला ३०० वॅटला साधारण पाऊण तास लागतो. १०० वॅटला सव्वादोन तासांच्या वर. म्हणून मोठा एक घेण्याऐवजी छोटे दोन घ्या. दर लिटरला एक वॅट हा नेहमीचा हिशोब घरातल्या टँकला पुरतो, कारण पंप आणि लाइटही पाणी तापवतातच. २०० लिटरला १००-१०० चे दोन. एक बंद पडला तरी दुसरा बराच वेळ सांभाळतो, एक चिकटला तर त्याच्या एकट्याच्या अंगात टँक उकडवायची ताकद नसते.

त्यावर बाहेरचा कंट्रोलर, म्हणजे सेन्सरने पाण्याचं तापमान मोजून हीटरची वीज चालू-बंद करणारा डबा, हवाच. मी यात तडजोड करत नाही. हीटरचं स्वतःचं बटण २७ वर ठेवा आणि कंट्रोलर २५.५ वर. रोजचं काम कंट्रोलर करतो, तो अडकला तर हीटरची पट्टी उभी आहे. दोन्ही एकाच रात्री बिघडण्याची शक्यता फार कमी. फक्त सेन्सरची वायर सक्शन कपवर सोडू नका, क्लिपने पक्की बांधा. सेन्सर पाण्याबाहेर आला तर तो खोलीची गार हवा मोजतो आणि कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो.

एकदा एका काकांनी मला विचारलं, “ताई, काचेचा की टायटॅनियमचा?” परवडत असेल तर टायटॅनियम, कारण तो फुटत नाही. काचेचा गरम असताना पाण्याबाहेर आला की तडकतो आणि त्या तड्यातून खारं पाणी सरळ २३० व्होल्टला भिडतं. पाणी बदलताना आधी हीटर बंद करा, अर्धा तास थांबा, मग हात घाला. हीटर संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) लावत असाल तर रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात नको. बाष्पीभवनाने पातळी तिथेच उतरते.

कूलरच्या पाण्यात करंट उतरल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. टँकचं पाणी खारं, म्हणजे वीज आणखी सहज वाहून नेणारं. घरात ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हीटरच्या आधी तो बसवा. टायटॅनियमला अर्थिंग चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अनेक हीटर दोन पिनांचे येतात आणि आपण ते ढिल्या मल्टिपिनमध्ये खुपसतो. ती पिन तापते, वर मीठ बसतं, प्लास्टिक काळं पडतं. चांगली पिन बसवून घ्या आणि वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून फरशीवर पडेल.

नवा हीटर थेट टँकमध्ये घालू नका. फरशीवर बादलीभर खाऱ्या पाण्यात, वेगळ्या थर्मामीटरसह, दिवसभर चालवा. ठरलेल्या अंशावर आपोआप बंद होतो का ते डोळ्यांनी बघा.

होळीच्या सुमारास हीटर काढून व्हिनेगरमध्ये ठेवा, चुन्याचा थर सुटतो. वायर जिथे काचेत शिरते तिथलं रबर नखाने दाबून बघा. कडक झालं असेल किंवा काचेच्या आत दव दिसलं तर तो हीटर पुन्हा लावायचा नाही. टाकताना वायर कापून टाका, नाहीतर पुढच्या डिसेंबरात घरातलं कुणीतरी चांगला दिसतोय म्हणून तोच लावतं.