पुस्तकातला पगार आणि वावरातला चुकारा

नमस्कार, श्रोतेहो.

पैशांचं नियोजन शिकवणारी पुस्तकं आता तालुक्याच्या बसस्टँडवरही मिळतात. बरीचशी भाषांतरित. कोणतंही उघडा, सुरुवातीलाच पगार येतो. एक तारखेला पगार झाला की आधी बचत बाजूला काढा. निम्मे पैसे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. सल्ला चांगलाच आहे. पण यवतमाळ-वाशीमकडच्या कोरडवाहू घरात एक तारखेला काही येत नाही. सोयाबीनचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, दिवाळीच्या आसपास, कापसाचा डिसेंबर-जानेवारीत, तुरीचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नंतर ऑक्टोबरपर्यंत जमेचा रकाना कोराच. मग ही पुस्तकं वाचूच नयेत का? वाचावीत. गणित त्यांचं घ्यावं, कॅलेंडर मात्र आपलं लावावं.

गणितात सगळ्यात कामाचं प्रकरण व्याजाचं. ते पेन्सिल घेऊनच वाचा. आपल्याकडे व्याज शेकड्यावर आणि महिन्याने सांगतात. 'तीन रुपये शेकडा' ऐकायला हलकं वाटतं, वर्षाला ते 36 टक्के होतं. दीडीचं तर विचारूच नका. जूनमध्ये 10,000 घेतले आणि डिसेंबरात 15,000 दिले, म्हणजे सहा महिन्यांत 50 टक्के, वर्षाच्या हिशेबाने 100. पुस्तकांत 72 चा एक नियम असतो. 72 ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. 36 टक्क्यांचं कर्ज दोन वर्षांत दुप्पट. हीच किल्ली उलटीही फिरते. कोणी दोन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणाला, तर तो 36 टक्के देण्याचं कबूल करतो आहे. पोस्टाच्या किसान विकास पत्राला सध्या दुप्पट व्हायला 115 महिने लागतात. फरक कशामुळे पडतो, ते त्यालाच विचारा.

दुसरी फसगत सरळ व्याजाची, ज्याला फायनान्सवाले 'फ्लॅट' म्हणतात. 30,000 रुपये, एक वर्ष, 12 टक्के फ्लॅट. व्याज 3,600, एकूण 33,600, महिन्याचा हप्ता 2,800. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण 30,000 वरच लागतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणून सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो, आणि तो कागद आपल्याला समजेल अशा भाषेत हवा. बँक असो की फायनान्स कंपनी, रिझर्व्ह बँकेचा हा नियम दोघांनाही लागू आहे.

आता कॅलेंडर. पुस्तक म्हणतं, अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. आपल्याकडे सात-आठ महिने मिळकत नसणं ही अडचण नाही, ते दरसालचं आहे. ती रक्कम आधीच मोजता येते. एक वही घ्या, बारा रकाने आखा आणि वर्ष मृगापासून मृगापर्यंत धरा. आधी खर्च भरा, जमा नंतर. गेल्या वर्षीची कृषी केंद्राची बिलं काढून ज्या महिन्यात पैसे गेले त्या रकान्यात लिहा. घरखर्च महिन्याला 8,000 असेल तर मार्च ते ऑक्टोबरचे 64,000 झाले. दुखणं-खुपणं यात धरलेलं नाही, ते वेगळं.

या वहीत बहुतेकांचा एक खर्च सुटतो, तो वेचणीचा. पाच एकर पऱ्हाटी, एकरी सहा क्विंटल, म्हणजे 30 क्विंटल कापूस. किलोमागे दहा रुपये मजुरी धरली तर 30,000 रुपये होतात, आणि ते आठवडी बाजाराच्या दिवशी रोख लागतात. कापूस तेव्हा घरातच असतो. सुरुवातीच्या वेच्याचा कापूस बऱ्याचदा ओला असतो. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला तो क्विंटलला 8,110 रुपये होता. 8 ते 12 टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला भाव कापतात, आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. आठ आणि बाराच्या मध्ये वाळवत बसून फारसं हाती लागत नाही, कारण भाव वाढतो तसं वजन घटतं. मार बसतो तो बाराच्या वरचा कापूस असताना. मजूर दारात उभे असतात, म्हणून तो खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, द्यावा लागतो. क्विंटलला 500 रुपये कमी मिळाले आणि दहा क्विंटल गेले, तर 5,000 गेले. सोयाबीनच्या चुकाऱ्यातून वेचणीचे पैसे आधी वेगळे काढले, तर हे टळतं. खर्च आधी की बचत आधी, हा पुस्तकातला वाद इथे येऊन विरतो.

मार्च महिना तर कोणत्याच पुस्तकात नसतो. केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत धरली, तर 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत जाते. सात टक्के धरले तरी 2 लाखांवर 14,000. वर पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं ते वेगळंच. म्हणून मार्चअखेर नवं-जुनं चालतं. खासगीतून 2 लाख आणायचे, बँकेत भरायचे, नवीन कर्ज उचलून ते परत द्यायचे. पैसा आठवडाभरच वापरला जातो, व्याज पूर्ण महिन्याचं कापतात. तीन रुपये शेकड्याने 6,000. म्हणजे 14,000 वाचवायला 6,000 देणारा हिशेबात चुकलेला नसतो. त्याची चूक जानेवारीतली असते. कापसाचा चुकारा बचत खात्यावर तसाच पडून राहतो आणि लग्नसराईत जातो. त्याच आठवड्यात कर्जाच्या रकमेची मुदत ठेव करा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुदत पुरी होणारी. व्याज किरकोळ मिळेल, पण पैसा जागेवर राहील. ठेव बँकेतच ठेवा, जिथे 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. हे संरक्षण सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पुस्तकं 'एफडी सुरक्षित' म्हणून मोकळी होतात.

करबचतीचं प्रकरण बिनधास्त ओलांडा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. ज्याची मिळकत फक्त शेतीची आहे, त्याने कर वाचवायला पॉलिसी घेणं म्हणजे पाऊस नसताना छत्री धरणं. अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यांची पानंही तशीच सोडून द्या.

विम्याचं प्रकरण मात्र वाचा. विमा आणि बचत एकत्र करू नका, हा त्यातला सल्ला आपल्याकडे जास्तच लागू पडतो. एका वर्षी पीक बुडालं की मोठा हप्ता थकतो आणि पॉलिसी बंद पडते. त्यापेक्षा बँक खात्यावर मिळणारा सरकारी योजनेचा जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपयांत, 18 ते 50 वयात घेता येतो. सुरक्षा विमा अपघातासाठी, 20 रुपयांत, 70 वर्षांपर्यंत. दोन्हींचं संरक्षण 2-2 लाखांचं. हप्ता दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप कापला जातो. आणि बी-बियाण्याच्या धावपळीत नेमकं तेव्हाच खातं रिकामं असतं. हप्ता कापला गेला नाही की 1 जूनपासून विमा नाही. जीवन ज्योती नंतर परत सुरू केला तरी पहिले 30 दिवस अपघाती मृत्यूशिवाय दावा मिळत नाही. तूर विकली की माणशी 456 रुपये त्या खात्यात टाका आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुकात नोंद पडली का ते पाहून घ्या.